साखरपुड्याचा पंचनामा

सांगली, ७ फेब्रुवारी १९६६

श्री. दत्ताजीराव इंगवले, निवृत्त जिल्हा न्यायाधीश, मुक्काम सातारा, यांना चंद्राबाईचा नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. आठ वर्षांनी नवरा बायकोला पत्र लिहितो आणि त्याच्या डोक्यावर जावक क्रमांक टाकतो, हे बघून शालन पोट धरून हसली. लेकीला हसवलंत, तेवढे आभार. खाली विषयही घातलाय, 'खाजगी व कौटुंबिक कागदपत्रे परत मिळणेबाबत'. कौटुंबिक हा शब्द तुम्हाला ठाऊक आहे हे मला नव्यानंच कळलं.

तर साताऱ्याच्या ग्रंथालयात तुमच्या नावाची खोली निघणार. काचेच्या कपाटात तुमची सनद, डायऱ्या, भाषणं, गव्हर्नरसाहेबांच्या मागच्या रांगेतला तुमचा फोटो, सगळं मांडणार. मे महिन्यात सत्कार. आणि हे सगळं घबाड इथं सांगलीत, माझ्या भावाच्या, नानासोच्या माळ्यावर पडलंय. तुम्ही रिटायर होऊन साताऱ्याला बिऱ्हाड हलवलंत तेव्हा मी आणि शालन आलो नाही, आणि तुमच्या पेट्याही आमच्यापाशीच राहिल्या. पेट्यांची आठवण आत्ता झाली. आमची कधी होते ते कळवा, घर झाडून ठेवीन.

पत्राबरोबर सत्काराच्या पुस्तिकेचा मजकूर जोडलात तोही वाचला. 'निःस्पृहतेचा आदर्श' नावाचं प्रकरण आहे. शिराळ्याकडचा एक बडा बागायतदार अपिलाच्या निकालाआधी साखर, नारळ आणि साडी घेऊन न्यायाधीशांच्या बंगल्यावर आला, आणि न्यायाधीशांनी उभ्या उभ्या त्या लाचेचा पंचनामा केला. त्या पंचनाम्याची प्रत पेटीत आहे, ती आधी पाठवावी, कपाटात मधोमध लावायची आहे, असं म्हणता.

त्या दिवसाची साक्षीदार मी होते. माझी जबानी तेव्हा कुणी घेतली नाही, ती आता देते.

सत्तावन्न साल. तुम्ही सांगलीला होतात. आपल्या घरचा कायदा असा, की कुणाचं काही घ्यायचं नाही, कुणाकडं काही खायचं नाही, कारण कोण कधी पक्षकार होऊन समोर उभा राहील सांगता येत नाही. विटा, इस्लामपूर, कराड, वाई, जिथं बदली झाली तिथं मी एकाही हळदीकुंकवाला गेले नाही. संक्रांतीला बायका तिळगूळ घेऊन फाटकाशी यायच्या आणि यल्लाप्पा पट्टेवाला त्यांना तिथूनच परत लावायचा. मला मोकळीक एकाच ठिकाणी, गणपतीच्या देवळात. गणपती काही अपील दाखल करत नाही.

तिथं मला रंगूबाई भेटली, शिराळ्याच्या लालासाहेबांची बायको. दातांच्या दवाखान्याला महिनाभर सांगलीत होती. उसाची माणसं, मोठ्यानं हसणारी. आपल्या घरात कुणी मोठ्यानं हसलेलं मला आठवत नाही, म्हणून मला ती आवडली. त्यांचा सयाजी मॅट्रिक होऊन फौजेत लागलेला. शालननं त्याला देवळाबाहेर दोनदा पाहिला, मान खाली घातली, आणि नको म्हणाली नाही. साखरपुडा घेऊन यायचा दिवस ठरला. त्या सकाळी मी तुम्हाला सांगितलं, "आज शिराळ्याचे पाहुणे येणार आहेत, शालनच्या सोयरिकीचे." तुम्ही फायलीतून मान वर न करता "हूं" म्हणालात.

पाहुणे आले. तुम्ही बाहेर येऊन आडनाव आणि गाव विचारलंत. त्याच आडनावाच्या, त्याच गावच्या तात्याबाचं पाटाच्या पाण्याचं अपील तुमच्यापुढं होतं. बस्स. समोरच्या किराणावाल्याला आणि एका टांगेवाल्याला पंच म्हणून हाक मारलीत, व्हरांड्यात खुर्ची टाकलीत, आणि माझ्या लेकीच्या साखरपुड्यातली एकेक वस्तू वर धरून लिहून घेतलीत. साखर, पुड्यात बांधलेली. नारळ, पाच. साडी, हिरवी, काठाची. खण, एक. मग लाखेचं सील लावून सगळं कोर्टाच्या नाझराकडं जमा केलंत. मी दारातून दोनदा म्हणाले, अहो, हे सोयरे आहेत. तुम्ही म्हणालात, "मधे बोलू नका." फाटकाबाहेर माणसं गोळा झाली होती. शालन माझ्या मागं उभी होती, केसांत गजरा माळून.

लालासाहेबांनी फेटा सारखा केला आणि एवढंच म्हणाले, "मला वाटलं सोयऱ्याच्या घरी आलोय. ही तर कचेरी हाय."

तात्याबा त्यांचा लांबचा भाऊबंद, आणि दोघांत बोलणंचालणंसुद्धा नव्हतं, हे तुम्हाला त्याच आठवड्यात कळलं. मग काय केलंत? शिराळ्याला गेलात? दोन ओळी लिहिल्यात? कागदावर 'दप्तरी दाखल' असा शेरा मारलात आणि जेवायला बसलात. ती साडी पुढं कोर्टाच्या लिलावात गेली. भाजीबाजारात कुणा कारकुनाच्या बायकोच्या अंगावर मी ती ओळखली.

त्यानंतर आपल्या दारात नारळ घेऊन कुणी आलं नाही. कशाला येईल? शालन तीस वर्षांची झाली. शाळेत पोरींना भूगोल शिकवते. आणि तुम्ही ती गोष्ट छापायला देता, तीही स्वतःची पाठ थोपटून घ्यायला!

पेट्या मिळणार नाहीत.

कागदोपत्री तुमची,
चंद्रा


सांगली, २५ फेब्रुवारी १९६६

श्री. इंगवले यांना नमस्कार.

उत्तर पोचलं. घटनेला नऊ वर्षं होऊन गेल्यानं माझी तक्रार मुदतबाह्य आहे म्हणे. शिवाय गैरसमज झालाच असेल तर तो 'तत्कालीन परिस्थितीत स्वाभाविक' होता. शालनचं नाव सबंध पत्रात नाही. एके ठिकाणी 'सदर कन्या' असा उल्लेख आहे. सदर कन्येनं तो वाचला आणि शाळेला निघून गेली. या वेळी हसली नाही.

मुदतीचं म्हणाल, तर आता ऐका. मी हे तुम्हाला सांगणार नव्हते, पण तुमच्या कायद्याला उत्तर म्हणून सांगते. सयाजी आला होता.

पाकिस्तानबरोबरची लढाई संपल्यावर जानेवारीत त्याला रजा मिळाली. आता हवालदार आहे. मधल्या काळात घरच्यांनी त्याचं लग्न लावून दिलं होतं, ती बिचारी तापानं गेली, मूलबाळ नाही. नानासोच्या फाटकाशी येऊन थांबला, आत पाऊल टाकेना. मी बाहेर आले तर दोन्ही तळवे माझ्यापुढं पसरून म्हणाला, "बाई, हातात कायबी न्हाई. बगून घ्या. आता येऊ का आत?"

मला हसू आलं आणि त्या पाठोपाठ रडू आलं. तुमच्या बंगल्याची कीर्ती ही अशी आहे. माणूस रणांगणावरून परत येतो आणि आपल्या दारात झडती देतो.

तो आणि शालन अंगणात खाटेवर बसून बराच वेळ बोलले. तो गेल्यावर शालन मला म्हणाली, "आई, मला त्याच्याशीच लग्न करायचंय." तिनं स्वतःसाठी काही मागितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. लहानपणी जत्रेत फुगा मागितला होता, तेव्हा तुम्ही फुगेवाल्याचा एक दावा चालू असल्याचं सांगितलं होतंत. तेव्हापासून मागायची बंदच झाली ती.

अडलं ते लालासाहेबांपाशी. बापाचा शब्द मोडून सयाजी लग्न करणार नाही, आणि म्हाताऱ्याचं मन मोडून त्या घरात जायला शालनही तयार नाही. म्हणून मी स्वतः एस.टी.नं शिराळ्याला गेले. नऊ वर्षांनी रंगूबाईच्या गळ्यात पडले. लालासाहेबांना दम्यानं घेरलंय, पुढच्या सोप्यात भिंतीला टेकून बसतात. मला म्हणाले, "बाई, पोरगी सोन्यावानी हाय, तिच्यावर माजा राग न्हाई. पर गावात मला अजून लाचवाला म्हंत्यात. तुमच्या सायबाची माफी नगं मला. कागुद तर न्हाईच नगं. त्येनं हितं यावं, ह्या सोप्यात घोंगड्यावर बसावं, आन् आमच्या घरचा कपभर चा प्यावा. माझ्या घरचा जिन्नस त्येनं इखावानी शीलबंद क्येला, आता माझ्याच घरचं कायतरी पोटात घ्यावं. मंग लगीन उद्या लावा की."

कपभर चहा. दंड नाही, शिक्षा नाही, साधा जाबजबाबसुद्धा नाही. त्यावर तुमच्या मुलीचा संसार अडून राहिलाय.

कधी येता ते कळवा. जावक क्रमांक घातलात तरी चालेल.

चंद्रा


सांगली, १८ मार्च १९६६

श्री. इंगवले यांना नमस्कार.

धन्य आहे तुमची. कपभर चहावर चार पानी निकालपत्र लिहिणारा माणूस मुंबई राज्यात दुसरा झाला नसेल, आणि महाराष्ट्रात होणार नाही.

पहिला आक्षेप, मुलगा हवालदार आहे, घराण्याला शोभत नाही. कुठलं घराणं? ज्या घराण्यात गेल्या नऊ वर्षांत पाहुणा म्हणून मांजरही आलं नाही, ते? हवालदारानं छातीवर गोळ्या झेलायची तयारी ठेवली होती. तुम्हाला कपबशी झेपत नाही.

दुसरा आक्षेप, न्यायासनावर बसलेल्यानं निवृत्तीनंतरही ज्यांचा संबंध आला अशा कुटुंबाकडं खाणंपिणं करू नये. अहो, ज्यांचा संबंध आला तो तात्याबा मरूनही गेला. तुमच्या रीतीनं जायचं तर सातारा आणि सांगली मिळून तुम्हाला पाणी पाजायला एक माणूस उरत नाही. आणि खरंच उरला नाहीये, हे तुमच्या ध्यानात येतं का? दिवाळीत तुमच्याकडं कोण येतं? यल्लाप्पा येतो, कारण त्याला सवय लागलीय.

तिसरा आक्षेप वाचून मात्र माझं डोकं फिरलं. चहा प्यायलो तर ती चुकीची कबुली ठरेल, आणि सत्काराच्या तोंडावर ते बरं दिसणार नाही. त्याऐवजी यल्लाप्पाच्या हाती एक लेखी खुलासा पाठवता येईल. लालासाहेबांना लिहिता वाचता येत नाही, हे तुम्हाला पंचनाम्यावर त्यांचा अंगठा घेताना दिसलं होतं.

मला तुमची कीव येत नाही. राग येतो. पूर्वी वाटायचं, हा माणूस कडक आहे पण सरळ आहे. आता दिसतं की तुम्ही चूक कबूल करायला घाबरता, बाकी काही नाही. हजार माणसांना कठड्यात उभं करून खरं बोलायला लावलंत, आणि स्वतःवर पाळी आली तर पट्टेवाल्याला पुढं करता.

काल माळ्यावरून पेट्या उतरवल्या. डायऱ्या चाळल्या. कौटुंबिक कागद म्हणता ना, म्हणून कुटुंब शोधत होते. शालन जन्मली त्या दिवशीचं पान सापडलं. 'विट्याचा दावा तहकूब. घरी कन्या झाली. ऊन फार.' मला त्या बाळंतपणात दोन दिवस शुद्ध नव्हती, ते ऊन असल्यामुळं लिहायचं राहून गेलं असेल. शालननं पाचवीत असताना मामाकडून तुम्हाला पाठवलेलं पत्रही आहे. तिच्या चुका लाल शाईनं दुरुस्त करून ठेवल्यात. उत्तर पाठवलं होतंत का, ते तिला आठवत नाही.

आता माझा हुकूम ऐका, यावर अपील नाही. गुढीपाडवा झाला की येणाऱ्या रविवारी मी, शालन आणि तुमच्या पेट्या शिराळ्याला लालासाहेबांच्या सोप्यात असू. या, चहा प्या, पेट्या गाडीत घाला आणि सत्काराला जा. आला नाहीत तर नानासोच्या न्हाणीघरात तांब्याचा मोठा बंब आहे. घरात माणसं पुष्कळ, आंघोळीचं पाणी रोज तापवावं लागतं, आणि सध्या लाकूड महाग झालंय.

चंद्रा


सांगली, ११ एप्रिल १९६६

श्री. दत्ताजीराव यांना नमस्कार.

तुम्ही आलात. मुलीसाठी आलात की पेट्यांसाठी, हे मी विचारणार नाही. उत्तर मला माहीत आहे.

त्या दिवशी मी तुमच्याशी बोलले नाही, म्हणून आता लिहिते. भाड्याच्या गाडीतून उतरलात, काळा कोट, टोपी, या उन्हात. दाराशी निम्मं गाव जमलेलं. घोंगड्यावर बसताना तुमचे गुडघे वाजले. लालासाहेब भिंतीला धरत धरत येऊन समोर बसले. "या सायेब," म्हणाले, आणि तुम्ही मान हलवलीत. सयाजी बाजूला सावधान उभा, आपल्या साहेबापुढं उभा असल्यासारखा. रंगूबाईनं नवी कपबशी काढली होती. ती तुमच्यापुढं ठेवली.

आणि तुमच्या तोंडून निघालं, "मी बाहेर काही घेत नाही."

मी तुमच्या चेहऱ्याकडं बघत होते. ते तुम्ही ठरवून म्हणाला नाहीत. इतकी वर्षं जे म्हणत आलात तेच जिभेवर आलं. म्हटल्यावर तुम्हीच दचकलात, हे माझ्याशिवाय कुणाला कळलं नसेल. पण शब्द मागं घ्यायला तोंड उघडायला लागतं, आणि ते तुम्ही उघडलं नाहीत. हात मांडीवर ठेवून कपाकडं बघत राहिलात. मला तेव्हा वाटलं की उठावं आणि ती बशी तुमच्या त्या कोटावर ओतावी.

लालासाहेबांनी हातानं कपावरची माशी हाकलली. मग हळू म्हणाले, "ऱ्हाऊ द्या सायेब. रंगू, उचल ती कपबशी."

रंगूबाई वाकली, तोवर शालन आतून आली. तुमच्या शेजारी घोंगड्यावर बसली. तुमच्यापुढचा कप उचलून बशीत ओतला आणि सगळ्या गावादेखत, एकेक घोट घेत, सगळा चहा संपवला. बशी खाली ठेवून लालासाहेबांना म्हणाली, "मामा, मी इंगवल्यांची लेक. इंगवल्यांनी तुमच्या घरचं घेतलं. आता कुणी तुम्हाला काही म्हणालं तर त्याला माझ्याकडं पाठवा."

तुमच्यासारख्या सतरा न्यायाधीशांना असा निकाल देता आला नसता. लालासाहेबांनी फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसले. म्हणाले, "आगं रंगू, बगत काय ऱ्हायलीस? गूळ आन. पोरीचं त्वांड गोड कर."

तेव्हा तुम्ही उठलात. कुणी तुम्हाला बसा म्हणालं नाही.

पेट्या तुमच्या तुम्हाला मिळाल्या. पंचनामा त्यात शोधू नका, तो मी लालासाहेबांना दिलाय. सयाजीनं वाचून दाखवला. 'खण, एक' आल्यावर रंगूबाई म्हणाली, "एक कसा? दोन हुतं. एक सायबाच्या पंचानंच हानला जनू." सोप्यात माणसं इतकी हसली की लालासाहेबांना ढास लागली. तुमच्या डोळ्यांदेखत, तुमच्याच लाचेच्या पंचनाम्यात चोरी झाली, हे पुस्तिकेत घालायचं असेल तर घाला. बाकीची गोष्ट काढून टाकायला मी ग्रंथालयाच्या चिटणिसांना कळवलंय, आणि खाली साक्षीदार म्हणून सही केलीय.

लग्न वैशाखात, शिराळ्याला. कन्यादान नानासो आणि त्याची बायको करतील. पत्रिकेत तुमचं नाव अजून नाही. मी घालायला निघाले होते, पण शालन म्हणाली, "विचारल्याशिवाय घालू नको आई, बाबांना ती लाच वाटेल." विचारायचं तर विचारते. घालू का?

आणि एक राहिलं. गाडीत बसल्यावर तुम्ही काच खाली केलीत आणि मला हाक मारलीत. मला वाटलं, पेट्यांची पावती देताय. तुम्ही विचारलंत, "चहा कसा होता?"

मी उत्तर न देता आत निघून गेले. तेव्हाही राग होता, आताही आहे, आणि तो जायचा नाही. पण आपल्या लग्नाला पस्तीस वर्षं होतील, आणि स्वतःला माहीत नसलेली गोष्ट तुम्ही मला विचारलीत असं हे पहिल्यांदाच झालं. मीही आत जाऊन घेतला होता, म्हणून सांगते.

गुळाचा होता. जरा जास्त उकळला होता. चांगला होता.

चंद्रा